मुक्ताच्या ग्लासवरचा हात

तोक्योतल्या फुनाबोरीहून निघालो तेव्हा माझ्या सॅकमध्ये चकल्यांचा डबा होता आणि डोक्यात एक भाषण. दोन्ही मुक्तासाठी. माझ्या या लेकीने सेंदाईच्या विद्यापीठात यीस्टवर डॉक्टरेट केली आणि मग गावाबाहेरच्या एका छोट्या ब्रुअरीत नोकरी धरली. मालक ओनोदेरा-सान आता थकले आहेत, त्यांना मूलबाळ नाही. बिअर बनवण्याचं सगळं काम तू हातात घे, असं ते तिला म्हणतात. "तुम्ही एकदा येऊन बघा बाबा, मग मी त्यांना उत्तर देईन," ती फोनवर म्हणाली होती. इकडे पुण्यात एका संशोधन संस्थेत जागा निघाली होती. तिला परत आणायचं, हे मी आणि बायकोने ठरवूनच टाकलं होतं.

बिअरशी माझं वैर नाही, उलट जुनी मैत्रीच. तोक्योत मित्राचा मुलगा निखिल, जो बँकेच्या पोस्टिंगवर आहे, मला हौसेने बार दाखवत हिंडला. ताचिनोमीत (उभ्याने प्यायची जागा) ऑफिसमधून सुटलेली माणसं कोट न काढताच 'तोरिआएझु बिरु' (आधी बिअर, बाकीचं मागाहून) म्हणतात आणि मगच मेनू उघडतात. कोंबिनीच्या (चोवीस तास उघडं दुकान) फ्रिजमध्ये बिअरसारखे दिसणारे, पण माल्ट कमी असलेले स्वस्त कॅन ओळीने मांडलेले. कर माल्टवर होता, म्हणून ही पळवाट. आता तो फरक मिटवत आणलाय, असं निखिलने सांगितलं. शिवाय तरुण मुलं पूर्वीइतकी पीत नाहीत, छोट्या ब्रुअऱ्यांची ओढाताण होते. ही सगळी माहिती मी भाषणासाठी खिशात घातली.

शिनकानसेन (बुलेट ट्रेन) उत्तरेला निघाली. इमारती संपल्या, भातशेती सुरू झाली, मग डोंगर जवळ आले. सेंदाई स्टेशनवर मुक्ता गमबूट घालूनच उभी होती. इतकी शिकलेली पोर आणि हा अवतार, असं मनात आलं.

ब्रुअरी म्हणजे जुनं भाताचं गोदाम. आत स्टीलच्या टाक्या आणि नाचणीचं सत्त्व शिजताना येतो तसा ऊबदार वास. माल्टचा चोथा शेजारच्या गोठ्यात जातो. मी खोचक प्रश्न विचारत होतो आणि ती पाइपने फरशी धूत शांतपणे उत्तरं देत होती. "बिअर बनवणं म्हणजे निम्म्याहून जास्त धुणंच असतं, बाबा," ती म्हणाली. घरी हिने कधी कप विसळला नव्हता.

संध्याकाळी ओनोदेरा-सान आम्हाला टेबलाशी घेऊन बसले. समोर एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या कोवळ्या शेंगा) आणि आमच्या चकल्या. इथे स्वतःचा ग्लास कुणी स्वतः भरत नाही. आपण दुसऱ्याचा भरायचा, तो आपला भरतो. त्यांनी दोन्ही हातांनी बाटली धरून माझा ग्लास भरला, मग मुक्ताच्या ग्लासकडे वळले. आणि माझा पंजा आपोआप तिच्या ग्लासवर गेला.

"नो, नो. शी डझन्ट ड्रिंक."

आमच्या घरात बाप आणि मुलं एकत्र पीत नाहीत. गॅलरीत मी मित्रांबरोबर बसायचो तेव्हा ही दाणे आणून ठेवायची आणि आत निघून जायची. परक्या माणसासमोर माझा हात तेच आठवून पुढे गेला असणार. ओनोदेरा-साननी बाटलीकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. ती बिअर तिनेच केलेली होती. आमच्याकडची काही रीत असेल असं समजून त्यांनी मान लववली आणि बाटली खाली ठेवली.

मुक्ता आमचे दोघांचे ग्लास भरत राहिली. ओनोदेरा-सान जपानीत बोलत, ती मराठीत सांगे. एकदा ते बाटलीला हात लावून बराच वेळ, जवळजवळ डोळ्यांत पाणी आणून बोलले. मी तिच्याकडे पाहिलं.

"ते म्हणतात, बरी झालीय," ती म्हणाली.

मी घोट घेतला. कडवटपणा मऊ होता आणि मागाहून संत्र्याच्या सालीचा वास येत होता. तोक्योतल्या एकाही बारमध्ये मी अशी बिअर प्यायलो नव्हतो. भाषण तोंडपाठ होतं, पण नजर सारखी तिच्या कोरड्या ग्लासकडे जात होती. तो ती स्वतः भरणार नव्हती, आणि बापाने हात ठेवल्यावर ओनोदेरा-सानही भरणार नव्हते. मला स्वतःची लाज वाटली.

मी दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि ओतू लागलो. सगळा फेसच झाला.

"थांबा बाबा, मी तिरका धरते," मुक्ता म्हणाली.

खाली बघत ती माझ्यासमोर पहिल्यांदा प्यायली.

"आईला मी सांगेन," मी म्हणालो.

तिने ओनोदेरा-सानकडे वळून एक छोटंसं वाक्य उच्चारलं. म्हातारा उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला, आधी तिच्यापुढे, मग माझ्यापुढे. काय बोललीस, हे मी तिला विचारलं नाही.

पुण्याला परतलो तेव्हा दारातच बायकोने विचारलं, "मग, कधी येतेय?" प्रवासात मुलखाच्या गमती पुष्कळ साठवल्या होत्या, पण आधी हेच सांगावं लागलं. ती येत नाही, तिकडेच राहणार, बिअर बनवणार. बायको खुर्चीत बसली. माझ्या बॅगा तशाच दारात होत्या.

"चांगली होते का हो तिची?" तिने विचारलं.

"फार चांगली होते," मी म्हणालो, आणि लेक लांब गेली हे मला तेव्हा कळलं.