तिरकं पातं

हणमंत सावंत हवाई दलातून निवृत्त होऊन उत्तरेत, अलीगंजला राहत होते. चाळीस वर्षं त्यांनी रोज आपली दाढी आपणच केली होती. पक्षाघातानंतर मात्र उजवा हात थरथरू लागला, म्हणून प्रणवने, त्यांच्या मुलाने, तिरक्या पात्याचा नवा रेझर आणला.

"बाबा, दबाना मत, अपने आप कटेगा," तिकडेच वाढलेला प्रणव हिंदीत म्हणाला.

गालांवरून पातं खरंच अलगद फिरलं. हणमंतराव आरशात बघून हसलेसुद्धा. पण हनुवटीशी हात हलला आणि फेसात रक्त उतरलं. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा कापलं.

त्यांच्या बायकोने, विजयाने, जखमेला तुरटी लावली. "द्या इकडे, मी करते."

हणमंतरावांनी पातं नळाखाली धुतलं. मग रेझर तिच्या हातात देऊन त्यांनी डोळे मिटले.