आकडेबाई मागून वाचतात

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. एरवी शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना आकडेबाई म्हणायचे आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. एका बड्या संगणक कंपनीचे तिमाही निकाल वाचून त्यांची बातमी करणं हे त्यांचं काम. दुसरं कुणी त्या वाटेला जात नसे. कोण डोकं पिकवून घेणार?

तेव्हा अहवाल यायचा तो चांगला जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. उघडला की शाईचा वास थेट नाकात. बाकीची मंडळी तो पुढून चाळायची. पुढे अध्यक्षांचा फोटो, हसरी माणसं, वर चढत जाणारे रंगीत खांब. ते सगळं पाहुण्यांसाठी, असं बाई म्हणायच्या आणि सरळ शेवटचं पान उघडायच्या. तिथे बारीक अक्षरात टिपा असत. कुठला खटला चालू आहे, कुठला कारखाना बंद होतोय, नफ्यात जमीन विकल्याचे पैसे कसे मिसळलेत, सगळं तिथे निमूटपणे पडलेलं असायचं.

शाळा सुटली की लेक कचेरीतच यायची. आईच्या टेबलाजवळ स्टुलावर बसून पाय हलवत राहायची. पोरगी गप्प बसावी म्हणून बाईंनी तिच्या हातात लाल पेन्सिल दिली आणि सांगितलं, 'अनुषंगाने' हा शब्द दिसला की काट मारायची. बाईंचा त्या शब्दावर भारी राग. लांबलचक वाक्य लिहायचं, मध्ये 'अनुषंगाने' कोंबायचं, म्हणजे आपली नोकरी गेली हे वाचणाऱ्याला कळायलाच नको, असं त्यांचं म्हणणं. पोरगी मन लावून काट मारायची. मग आई ते वाक्य सोपं करून वाचून दाखवायची आणि विचारायची, "कळलं का?" पोरीने मान डोलावली तरच बातमी छापायला जायची. बाईंचा खरा साहेब स्टुलावर बसलाय, असं मुख्य उपसंपादक सगळ्यांना सांगत फिरायचे.

काय दिवस होते ते! टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली जुन्या अंकाची घडी. पंखा लावला की कागद उडायचे, बंद केला की घामाच्या धारा. तरी ती खोली बाईंना अजून आठवते. आपण सुखात होतो हे तेव्हा मेलं कळलंच नाही, असं त्या शेजारणीला हजारदा सांगून चुकल्या आहेत.

पुढे कचेरी बंद झाली, बाईही घरी बसल्या. अहवाल आता मोबाइलवर येतो. पण वाचन काही सुटलं नाही, कारण लेक नेमकी त्याच कंपनीत लागली, दूरच्या शहरातल्या केंद्रात, हिशेब विभागात. तिची नवऱ्याची साथ सुटलेली, पदरी शाळकरी मुलगी. तेव्हापासून नफातोटा गेला चुलीत. लेकीच्या केंद्रावर काही संकट नाही ना, एवढंच बाई डोळ्यांत तेल घालून शोधतात. तसं काही सापडलं नाही की त्यांच्या जिवात जीव येतो.

निकाल जाहीर होईपर्यंत घरच्यांनाही अवाक्षर सांगायचं नाही, असा लेकीच्या खात्याचा नियम. बाईही खोदून विचारत नसत. पण या खेपेला लेक फोनवर जरा जास्तच तुटक बोलायची. कुकर लावलाय, दारावर कुणी आलंय, असं काहीतरी सांगून फोन ठेवायची. बाई जरा रुसल्या, आणि मनात पालही चुकचुकली.

निकाल आला त्या सकाळी बाईंनी चहा बाजूला सारला, अक्षरं मोठी केली आणि शेवटापासून सुरुवात केली. टिपांमागून टिपा, आणि जिथे तिथे ते मेलं 'अनुषंगाने'. मध्येच एक टीप लागली ती चक्क माणसांच्या भाषेत. 'कंपनी आपलं एक केंद्र बंद करत आहे. वर्षअखेरीस तिथलं काम थांबेल. तिथल्या सर्वांच्या नोकऱ्या जातील.' बाई क्षणभर खूशच झाल्या. चला, एकाला तरी लिहिता येतं! मग त्यांनी पुढच्या ओळीतलं शहराचं नाव वाचलं.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शहर लेकीचंच. त्यांनी फोन लावला. लेक नेहमीच्याच सुरात गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, असं विचारू लागली. बाईंनी तिला मध्येच थांबवलं.

"वाचलं मी."



"महिना झाला मला कळून," लेक हळूच म्हणाली. "सांगता येत नव्हतं, आई. तुलासुद्धा."

बाईंना रडू आवरेना. महिनाभर पोर हे पोटात ठेवून कामावर जात होती, मुलीचा डबा भरत होती, आणि आपण इकडे तिच्या तुटक बोलण्यावर रुसून बसलो होतो. त्यांना कंपनीचा राग आला, नियमाचा आला, स्वतःचाही आला. नाक ओढत त्या म्हणाल्या की निदान ती टीप तरी कुणीतरी धड लिहिली आहे.

"मीच लिहिली," लेक म्हणाली. "वरचे साहेब त्यात सारखं 'अनुषंगाने' घालायचे, मी सारखं काढायचे. म्हटलं, आई वाचणार आहे."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं. हलणारे पाय आले, लाल पेन्सिल आली.

"कळलं का?" लेकीने विचारलं.

"कळलं, राणी," बाई म्हणाल्या. "या आता दोघी घरी."