अण्णांचं बोट आणि आमचा गळका ओटा

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, आणि आमचा ओटा अजून गळतोय.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीत गेला. पोत्यात हात घालायचा, हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा. बोटं कायमची पिवळी. घरातले सगळे साबण हरले.

मी साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माझ्यापेक्षा यांनाच जास्त हळद लागलीय.

तर, आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यामध्ये फट होती. भांडी घासली की पाणी थेट खालच्या पिठाच्या डब्यावर.

मिस्त्री रोज फोनवर "उद्या येतो" म्हणायचा. शेवटी अण्णांचा पेशन्स संपला.

"मिस्त्री कशाला पायजे? मी हाय की!"

फट बुजवायला पांढऱ्या सिलिकॉनची ट्यूब आली, ती दाबायची गन आली. मोबाइलवर व्हिडिओ बघून झाला. फट पुसून कोरडी केली, वर-खाली टेप लावली, श्वास रोखून सिलिकॉनची रेघ ओढली, आणि ओलं असतानाच टेप सोलून काढली.

खरं सांगते, लय भारी काम. रेघ एकदम सरळ.

"उद्यापत्तोर कुणी ओट्याकडं फिरकायचं न्हाई!"

म्हणून त्या रात्री जेवायला भडंग.

सकाळी बघतो तर कोपऱ्यात, त्या पांढऱ्याशुभ्र रेघेत, बोटाचा खड्डा.

अण्णा खवळले. "कुणी बोट घातलं? हात दाखवा सगळ्यांनी!"

आम्ही खरंच लाइनीत उभं राहून हात दाखवले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र वाकून खड्डाच बघत होत्या.

"आवं, खड्डा पिवळा हाय."

सगळ्यांनी अण्णांच्या बोटांकडं बघितलं.

"वाळलं का बगत व्हतो," अण्णा म्हणाले.

पोतं दिसलं की हात घालणारा माणूस तो. त्याला ओलं सिलिकॉन समोर ठेवून झोप कशी लागणार?

"दिसत न्हाई फार. ऱ्हाऊ दे तेवढं," अण्णांनी विषय मिटवला.

प्रश्न दिसण्याचा नव्हताच. पाणी नेमकं तिथूनच यायला लागलं. डबा ओला झाला की आई ओरडायच्या, "तुमच्या बोटातनं येतंय!"

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "तिथनं न्हाई. दुसरीकडनं येतंय."

दवाखान्यात अण्णांना सलाईन चालू असताना आई म्हणाल्या, "आता तरी कबूल करा."

डोळे न उघडता म्हणाले, "दुसरीकडनं येतंय."

मागच्या आठवड्यात मिस्त्री एकदाचा उगवला. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार म्हणून आईंनीच बोलावलेला. ब्लेडनं जुनं सिलिकॉन खरवडत तो कोपऱ्यापर्यंत आला, आणि आईंनी पटकन त्या खड्ड्यावर हात ठेवला.

"एवढं ऱ्हाऊ दे."

"आवं काकी, सगळं पाणी हितनंच तर येतंय!"

या एका खड्ड्यावरून नवऱ्याशी रोज भांडलेली माझी सासू मिस्त्रीच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली,

"हितनं न्हाई. दुसरीकडनं येतंय."

मी बाहेर जाऊन रडले. रडताना हसूही येत होतं.

अण्णा, पिठाचा डबा आम्ही हलवलाय. तुमचं बोट आहे तिथंच आहे.

तुमच्या सगळ्या घराकडून, गळक्या ओट्यासकट, भावपूर्ण श्रद्धांजली.