आनिएल्लोचे कान आणि आडनाव

नेपल्सच्या आनिएल्लोला एक खोड होती. हातमोजे शिवता शिवता दारावरून कुणी म्हातारी गेली की तो तिचे कान बघे. त्याच्या स्वतःच्या कानांच्या कडा वरून आत दुमडलेल्या होत्या. असे कान जिचे, ती आपली आई, असं त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

आडनाव एस्पोझितो. लॅटिनवरून आलेला शब्द, अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. अनाथालयाच्या भिंतीत एक फिरता लाकडी पाळणा होता. त्यात तान्हं मूल ठेवून घंटा वाजवायची, की आतल्या बाया पाळणा फिरवून मूल आत घेत आणि हेच आडनाव लावत. गल्लीत एस्पोझितो म्हणून हाक मारली तर चौघे ओ देत. लोक त्यांना माउली मारियेची लेकरं म्हणत. मुलगी द्यायची वेळ आली की मात्र नाकं मुरडत.

आनिएल्लोला वाढवलं विचेन्झा धोबिणीने. स्वतःचं मूल गेलं म्हणून ती अनाथालयात दूध पाजायला गेली आणि याला घरी घेऊन आली. डोक्याचा रुमाल ती भर उन्हाळ्यातही सोडत नसे. कान ठणकतो म्हणे.

त्याला ओर्सोलाशी लग्न करायचं होतं. शेवयावाले लिबोरिओ तिचे वडील. त्यांनी स्पष्टच सांगितलं, “पोरगा तू सोन्यासारखा, पण रक्त कुणाचं? आता फ्रेंचांचं राज्य आलंय, त्यांच्या नव्या कचेरीत नाव बदलून मिळतं म्हणतात. बदल, मग पोरगी ने.”

“आई, तुझंच आडनाव घेऊ?” त्याने घरी येऊन विचारलं.

“माझं नको. लोक नाही नाही ते विचारतील.”

“काय विचारतील? आणि तिथे एवढी पोरं होती, त्यातून मलाच कसं उचललंस गं?”

जगभर चौकशा करणाऱ्या या माणसाने हे कधी विचारलंच नव्हतं. विचेन्झाने पिळायचं कापड खाली ठेवलं.

“दुसऱ्या कुणाचं दूध घेत नव्हतास.”

“आणि तुझं मूल?”

“कुठे गेलं होतं ते? भर दुपारी गल्ली झोपलेली बघून घंटा मीच वाजवली. संध्याकाळी अनाथालयाच्याच पुढच्या दाराशी जाऊन म्हटलं, पाजायला बाई हवी का?” तिने रुमाल सोडला. दोन्ही कान वरून दुमडलेले.

“आणि मी गावभर बायकांचे कान बघत हिंडलो!” तो ओरडला. “तोंडाला कुलूप घालून बसलीस?”

“लग्नाआधी झालास रे. पाळण्यातलं पोर लोकांना चालतं. माझं चाललं नसतं.”

त्याला संताप आला, रडूही आलं. मग तो तिच्या ओल्या हातांवर डोकं टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने लिबोरिओंना सांगितलं, “नाव बदलणार नाही.”

“का?”

त्याने मान खाली घातली. ते नावच आईची अब्रू झाकत होतं; ती दुकानात मांडून बायको आणायची नव्हती त्याला. ओर्सोला आतल्या दारात डोळे पुसत होती.

तेवढ्यात विचेन्झा दुकानात आली. डोक्यावर रुमाल नव्हता, केस घट्ट मागे बांधलेले. ती लेकाशेजारी उभी राहिली.

लिबोरिओंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, पुन्हा तिच्याकडे. गिऱ्हाइकंही बघत होती.

त्यांनी पिठाचे हात झटकले आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

“बसा, विहीणबाई.”