मातामायची माती

दवाखान्यात माणूस तीस वर्षं राहिला की किस्से साचतात. कार्बोलिकच्या वासासारखे असतात ते, कितीही धुवा, जात नाहीत. मी गोंदियाच्या एका लहानशा दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा, होतो. माझे किस्से पोटाच्या ऑपरेशनचे, म्हणून घरी कोणी जेवताना ऐकून घेत नाही!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पेनिसिलीनचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. आतडं शिवलं की डॉक्टरसाहेब म्हणायचे, "माझं काम संपलं, आता जंतूंचं सुरू." टाके पक्के असायचे, रोगी हसायचाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढायचा, जखम पिकायची, आणि आम्ही नातेवाइकांसाठी बैलगाडी बघायला लागायचो.

*

आमच्याकडे औषध म्हणजे तीन गोष्टी: उकळलेलं पाणी, कार्बोलिक आणि धुतलेले हात. कोपरापर्यंत, ब्रशनं, भिंतीवरच्या घड्याळात बघून दहा मिनिटं. एकदा डॉक्टर, नर्स आणि मी धुतोय, धुतोय, आणि काटा जागचा हलेना. घड्याळ बंद पडलं होतं! सांगायची हिंमत कोणाची? शेवटी डॉक्टरांच्याच बोटातून रक्त आलं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

ती सवय मी घरीही नेली. माझी बायको सगुणा ताट वाढून बसायची. "भात थंडा होऊन राह्यला जी! तुमचे हात कवा धुऊन होतीन?"

*

नवेगाव बांधचा एक ढिवर आला होता, तळ्यात मासे धरणारा. अंतर्गळात आतडं अडकलेलं. ऑपरेशन उत्तम झालं. पाचव्या दिवशी फणफणला. मी पट्टी सोडली, तर खाली काळी माती! त्याची म्हातारी आई पुढे आली. "आमच्या मातामायच्या ठाण्याची होय जी. तुमची दवा वरून, आमची खालून." मातामाय म्हणजे गावची देवी, आणि ठाणं म्हणजे तिचा ओटा.

सातव्या दिवशी तो गेला. डॉक्टर तिला समजवायला गेले, तर तीच रडत त्यांना म्हणाली, "माहंच चुकलं बाप्पा. जरा जास्त लावाले पायजे होती."

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

मग नियम झाला, पोटाच्या रोग्याजवळ झडतीशिवाय नातेवाईक नको. दारावर झडती घ्यायला मी आणि आमच्या मार्थाबाई नर्स. माती कुठे कुठे निघाली म्हणून सांगू! अंबाड्यात, चुन्याच्या डबीत, एकदा तर पेजेच्या गडव्यात. तिरोड्याचा एक पाटील संतापला. "दवाखाना होय का ठाणा? काऊन झडती घेऊन राह्यले?"

मी म्हटलं, "पाटील, चोर सापडला तर सोडून देतो. माती सापडली तर नाही सोडत."

*

मार्थाबाई रायपूरकडच्या. त्या कोणाला भ्यायच्या नाहीत. एकदा भर ऑपरेशनमध्ये डॉक्टरांचा चष्मा घसरला आणि त्यांनी नकळत मनगटानं वर सारला. कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं.

"साहब, फिर से धोइए."

उघड्या पोटावर उकळलेलं फडकं टाकून डॉक्टर गेले, पुन्हा दहा मिनिटं धुवून आले. तो रोगी चालत घरी गेला! पोट फाडून चालत गेलेला आमचा पहिलाच. निघताना मला म्हणाला, "माती नाई लावली तरी वाचलो जी. देवी किती मोठी पाहा!"

*

आणि मग आमची सगुणा. आतड्याला पीळ पडला. आमगावच्या माहेराहून गाडीत आणेपर्यंत तिचं पोट फुगून दगड झालं होतं. डॉक्टरांनी पीळ सोडवला. हत्यारं मी स्वतः उकळली होती, एकदा सोडून दोनदा.

माझी आई दारावर आली, हातात पुडी. आमच्या मातामायची माती. "एवढी लाव बापा. मंग मी काई म्हणत नाई." मी तिच्यावर ओरडलो, पुडी हिसकावली आणि फेकायची म्हणून खिशात टाकली. फेकली नाही.

चौथ्या दिवशी ताप आला. दुपारी मी पट्टी सोडायला बसलो. जखमेची कड लाल दिसत होती. माझा हात कधी खिशात गेला, मला कळलं नाही. ज्या हातानं एवढ्या लोकांची माती काढून घेतली, तोच हात.

"सदाशिव."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी पुडी माझ्या मुठीतून काढली, आपल्या कोटात ठेवली. रागावले नाहीत. "जा, हात धू. दहा मिनिटं."

मी धुतले. घड्याळाकडे बघत रडलो, पण धुतले.

सगुणा सहाव्या दिवशी गेली.

तेरवी करून मी कामावर आलो, तेव्हा डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि पुडी माझ्या हातात दिली. दोरा सुटलेला होता. माती अर्धीच उरली होती.

"अर्धी तिच्या उशाखाली ठेवली होती रे," ते म्हणाले. "जखमेपासून लांब. मार्थाबाईंना सांगू नकोस."