दुसरं कुणीतरी पाठवा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईला हा स्वभाव परवडत नाही. आमचं निम्मं काम पेशंट घरी जाऊन काय करतो यावर चालतं, आणि पेशंट घरी जाऊन बहुतेक काहीच करत नाहीत. "व्यायाम केले का?" असं विचारलं की डहाणूतले पेशंट "हो मॅडम, ऑलमोस्ट रोज" म्हणतात आणि तलासरीतले नुसते हसतात. मला हसणारे जास्त आवडतात. निदान खोटं तरी बोलत नाहीत.

मी मसोलीत राहते. वडील रेल्वेत होते, म्हणून डहाणू रोडलाच वाढले आणि शिकून परत इथेच आले. आशागडच्या रस्त्याला माझा छोटा दवाखाना आहे. दोन खाटा, एक शेकायचं मशीन आणि भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र. चिकूच्या वाडीत लांब बांबू वर धरून फळं काढणाऱ्यांचे खांदे, शिक्षकांच्या माना, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचे गुडघे असा सगळा माल माझ्याकडे येतो. आठवड्यातून दोन दिवस मी तलासरीच्या एका दवाखान्यात जाते. तिथे मात्र कमरा. बायकांच्या कमरा, बहुतेक सगळ्या जून-जुलैपासून दुखायला लागलेल्या.

ती अशीच जुलैच्या सुरुवातीला आली. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, तलासरीपासून आत एका पाड्यावरची. कमरेतून निघालेली कळ उजव्या पायाच्या पोटरीपर्यंत जात होती. मी तिला टाचांवर चालायला लावलं, तर उजव्या पायाचा अंगठा वर उचलला जाईना. हे लक्षण मला आवडत नाही. मी तिला डहाणूला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी फोटो काढून सांगितलं की शीर दबली आहे, पण ऑपरेशनची घाई नको. व्यायाम करा, जपा, आणि लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाय आणखी लुळा वाटला तर त्याच दिवशी धावत या. हे शेवटचं मी तिला तीनदा बजावलं. लघवीचं नाव काढल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

मग मी माझा हुकूम सोडला. सहा आठवडे वाकायचं नाही. चिखलात पाय ठेवायचा नाही. लावणी यंदा बंद.

तिचं हसू थांबलं. "मग माझी सावड?"

सावड मला ऐकून माहीत होती. त्यांच्या पाड्यात लावणीला मजूर लावत नाहीत. दहा घरांतल्या दहा बायका मिळून एकेका घरचं शेत लावतात, आज हिचं, उद्या तिचं. जी दुसऱ्यांच्या शेतात उभी राहते तिच्या शेतात बाकीच्या येतात. तिचं शेत त्या वर्षी सगळ्यांत शेवटी होतं. म्हणजे आधी नऊ जणींकडे जायचं आणि मग नऊ जणी हिच्याकडे येणार. ती गेली नाही तर तिच्या शेतात कोण येणार, एवढाच तिचा प्रश्न होता. घरात खाणारी तोंडं चार आणि वर्षाचा भात त्याच तुकड्यातून यायचा.

मी तेव्हा पुढच्या पेशंटचा कागद भरत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, तुमच्या जागी दुसरं कुणीतरी पाठवा."

ती बरं म्हणाली आणि गेली. त्यानंतर दोन खेपा ती आलीच नाही. मी मनात तिचं नाव न ऐकणाऱ्यांच्या यादीत टाकून मोकळी झाले. घरी नवऱ्यापाशी कुरकुर केली की ही सगळी मंडळी पालथ्या घड्यावर पाणी आहेत. तो म्हणाला, तू हे दर जुलैत म्हणतेस.

तिसऱ्या खेपेला ती आली, पण पुढे एका पुरुषाला घालून. तो कमरेत वाकला होता आणि एक हात मांडीवर टेकवून पावलं टाकत होता. तो तिचा नवरा. अच्छाडच्या नाक्यावर, हायवेच्या एका धाब्यावर तो तंदूरवर रोट्या लावतो, म्हणजे वर्षानुवर्षं दिवसभर भट्टीत वाकायचं काम. तपासलं तर त्याची शीर वगैरे काही दबली नव्हती, पाठीचे स्नायू मात्र लाकडासारखे कडक झाले होते.

"काय उचललंत एवढं?" मी विचारलं.

"उचललं नाय काय. लावणी केली. पाच दिवस."

त्यांच्या पाड्यात लावणी बायकांची. पुरुष नांगर धरतात, चिखल करतात, रोपांचे भारे वाहतात, पण रांगेत उभं राहून रोप खोवत नाहीत. हा माणूस धाब्यावरून सुट्टी घेऊन बायकोच्या जागी बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. बायकांनी त्याची काय गत केली असेल याची मी कल्पना करू शकत होते. त्याला लुगडं आणून देऊ का, असं पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे. त्याची ओळ सरळ येईना म्हणून दोन्ही बाजूच्या बायका त्याला मध्ये धरून चालवायच्या. हे सगळं तो स्वतःच हसत सांगत होता आणि हसताना कळ आली की गप्प होत होता.

माझं डोकं फिरलं. तंदूरवर वाकून आधीच पाठ गेलेली, त्यात पाच दिवस सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ओणवं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. अक्कल आहे का, तुम्ही पडलात तर घर कोण चालवणार, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?

तो बायकोकडे बघायला लागला. बायको हळूच म्हणाली, "तुम्हीच बोलल्या ना, डॉक्टरबाय. दुसरं कुणीतरी पाठवा."

त्यात जरासुद्धा टोमणा नव्हता. तिने मी सांगितलेलं अक्षरशः पाळलं होतं. पंधरा वर्षांत माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं, आणि जिने ऐकलं तिच्या घरात मी एका कमरेच्या दोन केल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला खाटेवर घेतलं, शेक दिला, आणि पडून राहू नका, थोडं थोडं चालत राहा, हे सांगितलं. अजून चार घरं बाकी आहेत, असं तो म्हणाला. उद्या परवा जातो. मी म्हणाले, तुम्ही जाणार नाही, तीही जाणार नाही, उद्या रविवार आहे, मी येते.

का म्हणाले ते मलाही नीट सांगता येणार नाही. रागच होता, पण आता तो स्वतःवर होता.

रविवारी स्कूटरवरून त्यांच्या पाड्यावर गेले. त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या घरचं शेत लावायचं होतं. खरं सांगायचं तर डहाणूत जन्म काढून मी भाताच्या शेतात कधी उतरले नव्हते. गाडीच्या खिडकीतून हिरवं दिसतं तेवढंच. बांधावर चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि बायकांच्या रांगेत तिच्या जागी जाऊन उभी राहिले. माझ्या शेजारच्या बाईने हातात रोपांची मूठ दिली. तीन-चार काड्या वेगळ्या करायच्या, अंगठ्याने चिखलात खोवायच्या, एक पाऊल मागे. विसाव्या मिनिटाला मला माझ्या भिंतीवरच्या चित्रातला कण्याचा एकेक मणका स्वतःच्या पाठीत मोजता येऊ लागला. अर्ध्या तासाने मी हात टेकले. बायका माझ्यावर मनसोक्त हसल्या आणि मला ते फार बरं वाटलं.

बांधावर बसून मी बघत राहिले, आणि तेव्हा मला दिसलं की सगळ्या जणी ओणव्या नाहीत. पलीकडे रोपांच्या वाफ्यात एक म्हातारी लाकडी पाटावर बसून रोपं उपटत होती. पाठ ताठ, पाय फाकलेले, उपटलेली मूठ पायावर आपटून माती झाडायची आणि बाजूला टाकायची. ही सावडीतली सगळ्यांत मोठी, कुणाचं शेत कधी लावायचं हे तीच ठरवते.

माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिच्याकडे जाऊन विचारलं, "आजी, रोपं उपटणारीचा दिवस सावडीत धरतात का?"

"नाय तं काय? उपटल्याबिगर लावतील काय, माझं डोस्कं?"

मी धावतच माझ्या पेशंटच्या घरी गेले. घर शेताला लागूनच होतं. ती ओट्यावर उभी राहून शेताकडे बघत होती. मी सांगितलं की तुमचं काम झालं. तुम्ही पाटावर बसायचं, पंधरा मिनिटं रोपं उपटायची, मग उठून दोन हातांत दोनच मुठी घेऊन बांधावरून चालत जाऊन वाटून यायच्या, की पुन्हा बसायचं. बसताना पाठ ताठ, वाकायचं ते कमरेच्या खुब्यातून. कळ पोटरीच्या खाली उतरली की लगेच थांबायचं. तुमचा दिवस भरेल, पाठही राहील. मला वाटलं, ही आता माझ्या गळ्यात पडेल.

ती नाही म्हणाली.

"का?"

ती वाफ्यातल्या पाटाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "पाटावर म्हातारी बसते, बाय. एकदा बसली ती परत रांगेत येत नाय. माझी सासू बसली, मग दोन वर्षांत घरातच बसली. मना अजून उभं राहायचं हाय."

मी आजवर किती बायकांना "बसून काम करा" असं लिहून दिलं असेल, देव जाणे. त्यांच्यापैकी कितीजणी हे ऐकून मनातून मोडल्या असतील. तिला दुखण्याची भीती नव्हती. दुखणं ती सहन करतच होती. तिला भीती होती ती रांगेतून कायमचं बाहेर पडण्याची. मी तिच्या ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता तिचं ऐकलं. मला तिची फार माया आली आणि स्वतःची लाज वाटली. शेवटी मी एवढंच म्हणाले की तुमचा अंगठा पुन्हा उचलायला लागला की मी स्वतः तुम्हाला रांगेत उभं करेन. कधी उचलेल ते मला सांगता येत नाही. पण आज रांगेत गेलात तर कदाचित कधीच उचलणार नाही.

आमचं बोलणं चाललं होतं तोवर म्हातारी पाणी प्यायला ओट्याशी आली होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "चल गं. मना कंटाळा आला बसून. बारा वर्सं झाली, बारा. तू बस जरा, मी बघते मना जमतं का अजून."

आणि ती खरोखर चिखलात उतरली. रांगेतल्या बायका थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "आजी, पडशील." तिने लक्ष दिलं नाही, मूठ घेतली आणि लावायला लागली. गुडघे किंचित सैल, पाठ फळीसारखी सपाट, सगळं वाकणं खुब्यातून. जे मी चित्रं दाखवून, ओरडून, मोबाईलवर व्हिडिओ पाठवून लोकांना शिकवते, ते ही सत्तरीची बाई चिखलात उभी राहून करत होती. जास्त वेळ नाही, दोन ओळी लावल्या असतील. मग ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि रांगेतल्या एका नव्या लग्नाच्या पोरीला म्हणाली, "आता तू जाऊन बस. सगळ्या आळीपाळीने बसा. माझा एकटीचा पाट नाय तो."

माझी पेशंट तोवर वाफ्यापर्यंत आली होती. नवी नवरी पाटावर बसलेली तिने पाहिली. एक पाव तास गेला. मग ती पोर उठली आणि ही जाऊन बसली. मी सांगितलं तशी, पाठ ताठ ठेवून. तिचा नवरा ओट्यावर भिंतीला टेकून उभा होता, तो आत गेला आणि चहा ठेवायला लागला.

नंतरचे तीन दिवस ती तशीच बसत-उठत गेली. तिचा अंगठा अजून पूर्ण उचलत नाही, निम्मा उचलतो, आणि मी तिला दिलेला शब्द अजून माझ्या अंगावर आहे. पण त्या रविवारची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बायका ओढ्यावर पाय धुऊन निघाल्या होत्या. ती सगळ्यांत मागे, हळूहळू चालत होती. म्हातारीजवळ आल्यावर तिने खाली बघतच विचारलं, "माझ्या शेतावर किती जणी येतील?"

म्हातारीने ओल्या लुगड्याचा ओचा पिळला आणि म्हणाली, "किती म्हंजे? सगळ्या."