थेंबाच्या जागी बोट

गौतम गेल्याचं मला शाळेत कळलं. नववीच्या चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो, आणि आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एका ओळीचा निरोप आला... ‘आपला गौतम गेला. सकाळी दुकानातच छातीत दुखलं. अंत्यविधी दुपारी चारला, चिटगुप्पा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले आणि पुढचा पेपर ओढला. त्यानंतर मी काय तपासलं कोण जाणे, पण त्या गठ्ठ्यात नापास कुणीच झालं नाही. बसवकल्याणहून चिटगुप्पा म्हणजे काही परदेश नव्हे. अकराची बस धरली असती तर हुमनाबादला बदलून आरामात पोचलो असतो. मी गेलो नाही. पेपरांचं काम आहे असं ग्रुपवर कळवलं. खरं कारण तिथं लिहिण्यासारखं नव्हतं, ते आज इथं लिहितो आहे. वर्षभर मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. आमचं भांडण झालं नव्हतं, तो मला कधी उणा शब्द बोलला नव्हता... वाईट मी वागलो होतो, आणि तोंड दाखवायची लाज मलाच वाटत होती.

गौतम मोटारी भरायचा. बोअरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, तिला व्हार्निश पाजायचं, सुकवायचं... दुबलगुंडीपासून आसपासच्या साऱ्या गावांतल्या जळक्या मोटारी त्याच्या दारात येऊन पडत. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसे. कानडी गिऱ्हाइकाशी कानडीत, शेजारच्या दुकानदाराशी दखनी उर्दूत आणि माझ्याशी आमच्या मराठीत, तिन्ही भाषांत तो सारखाच कमी बोलायचा. पावसाळ्यात मात्र मोटारी बंद आणि दुकान रिकामं. अशाच एका पावसाळ्यात लग्नाचे फोटो काढणं सोडून दिलेल्या कुणाचा तरी जुना कॅमेरा त्यानं आणला आणि मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पाण्यावर थेंब पडलेला, आणि त्याचा मुकुट उभा राहिलेला. “हे मला काढायचंय,” म्हणाला. मला हसू आलं. म्हटलं, “अरे, मोराचा काढ, किल्ल्याचा काढ. थेंबाचा फोटो कोण बघायलंय?”

“मी बघायलोय की,” तो म्हणाला.

दुकानामागच्या खोलीच्या खिडकीला त्यानं पोतं ठोकलं. शोभावहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, परात आतून काळी रंगवून टाकली. पीठ मळायला बसल्यावर वहिनींना ते कळलं, मग जे व्हायचं ते झालं. वर सलाइनची रिकामी बाटली पाणी भरून उलटी टांगली. तिची नळी चिमटीत धरणारी एक स्प्रिंगची पट्टी, आणि ती पट्टी क्षणभर मागं ओढायला स्वतः गुंडाळलेली इवलीशी कॉइल. बटण दाबलं की कॉइल ‘टक्’ करायची, नळी सुटायची आणि एकच थेंब खाली यायचा. वाटेत लेझरच्या लाल किरणातून तो गेला की फ्लॅश उडायचा, आणि किती उशिरानं उडवायचा ते ठरवायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक फिरवायचं बटण. कागदावर हे सोपं वाटतं. पहिला पावसाळा आम्हाला पांढऱ्या फराट्यांशिवाय काही मिळालं नाही. लग्नात मारतात तसा पूर्ण ताकदीचा फ्लॅश आम्ही मारत होतो. बारीक वस्तूला जास्त उजेड लागणार, हे आमचं शहाणपण. एका रविवारी सेल उतरत आले म्हणून त्यानं फ्लॅश अगदी कमी केला, आणि थेंब लख्ख उभा! कमी ताकदीचा फ्लॅश लवकर विझतो, त्यामुळं थेंबाला हलायला वेळच मिळत नाही, हे आम्हाला असं चुकून कळलं. गौतम एवढंच म्हणाला, “मोटारीलाबी तसंच. जादा करंट दिला की जळती.”

या कारखान्यात मला एकच काम होतं. कॅमेऱ्याला आधी कशावर तरी नजर बसवावी लागते, आणि थेंब तर अजून पडायचा असतो. म्हणून थेंब जिथं पडणार तिथं परातीत मी बोट उभं धरायचं. गौतम वरून एक-दोन थेंब सोडायचा, ते नेमके नखावर पडेपर्यंत बोट सरकवायला लावायचा, मग कॅमेऱ्यातून बघत नखावर फोकस बसवायचा आणि खात्रीसाठी त्या बोटाचाच एक फोटो घ्यायचा. “बोट ठेव, मास्तर... हालू नको... काढ.” मी बोट काढलं की पाणी शांत व्हायची वाट बघायची. त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघं पन्नाशीतले बाप्ये श्वास धरून बसायचो, दर रविवारी. मी मराठीचा मास्तर, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे काम मला जमत होतं आणि आवडतही होतं.

एकदा अशीच वाट बघताना तो म्हणाला, “शाळेत मला पाणी वरून वतायचे. आठवतंय का तुला?”

आठवत होतं. त्याच्या घरानं बुद्धधम्म घेऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तेव्हा गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. मी माठात पेला बुडवायचो आणि तो ओंजळ धरून खाली वाकायचा. “तवापास्नं पाण्याकडं नीट बघायची सवय लागली,” तो म्हणाला. “वरून यायलंय म्हणल्यावर बघावंच लागतंय. नदर चुकली की सांडतंय.” मी परातीतलं पाणी थांबलं का ते बघत राहिलो. बोलायला हवं होतं... त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, “बोट ठेव.”

तिसऱ्या पावसाळ्यात त्याला हवा होता तो फोटो मिळाला. पहिला थेंब पडून पाण्याचा खांब वर उठतो, त्याच्या डोक्यावर दुसरा थेंब नेमका येऊन आपटतो आणि पाण्याची छत्री उघडते. हाका मारून त्यानं वहिनींना बोलावलं. वहिनींनी पिठाच्या हातानं कॅमेरा धरला आणि परात माफ केली. त्याच सुमारास मी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीसाठी पाण्यावर एक लेख लिहिला होता. तो फोटो सोबत पाठवू का, असं मी गौतमला विचारलं. त्यानं एकच विचारलं, “नाव घालत्यात न्हवं?” म्हटलं, “घालणार की!” जन्मभर त्यानं शेकड्यांनी मोटारी भरल्या, एकीवरही त्याचं नाव नव्हतं. या एका फोटोवर त्याला ते हवं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तरी फोटो पाठवताना मी त्याचं नाव लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. लिहायला थांबलो होतो, आणि मनात आलं, दर रविवारी मीही तिथं बसलोच होतो की... छापून आलं ‘लेख व छाया’, पुढं माझं एकट्याचं नाव. पुरवणीचा यात दोष नाही, त्यांना मिळालं तेच त्यांनी छापलं. शाळेत कौतुक झालं. तो फोटो चौकटीत घालून स्टाफरूममध्ये लावला गेला, आणि ती चौकट सरळ आहे की नाही हे मी स्वतः लांब उभा राहून पाहिलं.

रविवारी गेलो तर पेपर टेबलावर पसरलेला होता आणि गौतमनं चष्मा लावला होता. “बारीक अक्षरात घातलंय का रे? दोनदा बगितलो. न्हाई दिसलं.”

“त्यांच्याकडून राहिलं असंल,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पेपरची नीट घडी घातली. “आसंल. फुडच्या खेपेला सांग.” त्या दिवशीही मी बोट धरलं. तो आमचा शेवटचा रविवार. नंतर मला दर रविवारी काही ना काही काम निघत गेलं. चोराच्या मनात चांदणं. “कामून येईनास?” म्हणून त्याचे दोन-तीन फोन आले, मी कधी घशाचं, कधी पाहुण्यांचं कारण सांगितलं. मग फोन यायचे थांबले. दिवाळीच्या आधी हुमनाबादच्या स्टँडवर माझी बस उभी होती, आणि खाली फलाटावर तो, खांद्याला तारेचं भेंडोळं लावून. मी चपलेचा बंद लावत असल्यासारखा पुढच्या सीटच्या आड वाकलो. माझ्या चपलांना बंद नव्हते. बस हलल्यावर मान वर केली तर तो बसकडंच बघत होता. त्यानं मला पाहिलं का, हे आता कळायचं नाही. हीच आमची शेवटची भेट, तिला भेट म्हणायचं असेल तर.

जलदानाला मात्र गेलो. माणूस गेल्यावर काही दिवसांनी बौद्ध घरांत हा विधी होतो. घरची माणसं एकत्र हात लावून तांब्यातलं पाणी खालच्या भांड्यात हळूहळू सोडतात. मी मागं दाराशी उभा होतो. वहिनींनी पाहिलं. “भावजी, मागं कामून? तुमीबी हात लावा की.” मी हात लावला. पाणी बारीक धारेनं खाली पडत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

जेवणं उरकून माणसं पांगल्यावर वहिनींनी मागची खोली उघडली. खिडकीला पोतं तसंच होतं, बाटली तशीच उलटी टांगलेली. “मला ह्यातलं काय कळत न्हाई, तुमीच बघा,” म्हणून त्यांनी कॅमेरा हातात दिला. छोट्या पडद्यावर मी एकेक फोटो मागं नेत गेलो. थेंब, फसलेले थेंब, आणि प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला फोकसचा तो एक फोटो. त्यात परातीवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला बांधलेला लाल पेन होता. पेपर तपासायचा माझा पेन, टोपणावर माझे दात उमटलेले, हरवला म्हणून मी घरभर शोधलेला. खेपेमागून खेप, वर्षभर, तोच पेन. त्याच्याही मागं गेलो तेव्हा माझं बोट आलं.

“तुमचाच हाय,” वहिनी म्हणाल्या. “मास्तरचं बोट म्हणायचे त्याला. ‘मास्तरचं बोट कुठं ठेवलीस?’ म्हणून मलाच इचारायचे.”

मग मी त्यांना सांगितलं. नाव पेपरवाल्यांकडून राहिलं नव्हतं, मीच दिलं नव्हतं. वहिनी परातीची कड पदरानं पुसत होत्या, पुसत राहिल्या. “त्यास्नी ठावं होतं,” म्हणाल्या. “त्याच रविवारी म्हणले, मास्तरनंच घातलं न्हाई. पर सांगंल आपणहून, येऊ दे, म्हणले.”

तो फोटो गौतमनं काढला होता. स्टाफरूममधल्या चौकटीखाली आता त्याचं नाव आहे, आणि या पानावर आज छापलेला थेंबही त्याचाच आहे. वहिनींनी कॅमेरा घेऊन जा म्हटलं, मी नेला नाही. पेनाची ती पट्टी परातीवर तशीच होती, निदान पेन सोडवून घ्यावा म्हणून वाकलो. तांब्याच्या तारेचे वेढे मोटार भरावी तसे एकाला एक लागून घातलेले होते, ते माझ्यानं सोडवले नाहीत. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी पेनाशेजारी, कोरड्या परातीत, बोट उभं धरलं आणि बसून राहिलो... ‘काढ’ म्हणणारं कुणी नव्हतं.